मोबाईल आडवा होतो, तेव्हा पानाने काय करावे?

मोबाईलवर एखादा नकाशा पाहताना तो नीट दिसेना, की आपण मोबाईल आडवा करतो. क्षणभरात नकाशाही वळतो आणि पूर्वीपेक्षा मोठा दिसू लागतो. या गोष्टीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, तिच्यामागे काही युक्ती असेल असे मनातही येत नाही. पण कधी कधी निराळेच घडते. मोबाईल थोडासा कलतो आणि पानावर निम्मे लिहिलेले उत्तर नाहीसे होते. बोटाने काढलेली आकृती पुसली जाते. वर्तुळ अंड्यासारखे लांबट होते. दहाव्या परिच्छेदापर्यंत वाचत आलेला वाचक एकदम अठराव्या परिच्छेदावर जाऊन पडतो.

मोबाईल तोच, पडदा तोच, वळण्याची क्रियाही तीच. मग एक पान सुखाने वळते आणि दुसरे का विसकटते? दोष मोबाईलचा नसतो. पानामागे जी आज्ञावली लिहिलेली असते, तिने कोणता प्रश्न विचारला यावर हे सारे अवलंबून असते. २०२० साली कोविडच्या साथीत शाळा बंद होत्या, तेव्हा असंख्य मुलांची शाळा मोबाईलच्या पडद्यावरच भरली. आजही अनेक घरांत मोबाईल हाच एकमेव संगणक आहे. अशा घरातील मुलाचे निम्मे उत्तर पुसले गेले, तर त्याचा अर्धा तास वाया जातो. म्हणून हा विषय आपण मुळापासून समजून घेऊ या.

खाली कोणती बाजू, हे फोनला कसे कळते?

मोबाईलमध्ये त्वरणमापक नावाचा एक लहानसा संवेदक असतो. सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेले एक अतिसूक्ष्म वजन, त्याला धरून ठेवणाऱ्या सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्या, आणि वजनाच्या कडेला फणीच्या दातांसारखे दाते, अशी त्याची रचना असते. या दातांच्या शेजारी दुसऱ्या फणीचे स्थिर दाते असतात. मोबाईल कलला की वजन किंचित सरकते आणि दोन फण्यांच्या दातांमधील अंतर बदलते. अंतर बदलले की विद्युतप्रभार साठविण्याची त्यांची क्षमताही बदलते. हा बदल मोजून वजन कोणत्या बाजूला किती ओढले गेले, ते संवेदक सांगतो.

असे मापन तीन दिशांना होते : पडद्याच्या रुंदीच्या दिशेने, उंचीच्या दिशेने आणि पडद्यातून आरपार जाणाऱ्या दिशेने. मोबाईल सरळ उभा आणि स्थिर धरला, तर उंचीच्या दिशेचा आकडा सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो आणि उरलेले दोन जवळजवळ शून्य असतात. हा ९.८ तुमच्या ओळखीचाच आहे. तो म्हणजे गुरुत्व त्वरण. मोबाईल आडवा केला की तोच ९.८ रुंदीच्या दिशेला जातो. मधल्या एखाद्या कोनात धरला, तर तो दोन्हींत वाटला जातो. ४५ अंशांवर दोन्ही आकडे सारखेच, म्हणजे सुमारे ६.९ येतात.

आता मोबाईल टेबलावर सपाट ठेवून पाहा. सगळे ९.८ आरपार दिशेला गेले. रुंदी आणि उंची या दोन्ही दिशांना शून्य! अशा वेळी पडद्याची कोणती कड ‘वरची’ मानायची, हे संवेदकाला सांगताच येत नाही. म्हणून टेबलावर मोबाईल गोल फिरविला तरी चित्र वळत नाही, आधी जसे होते तसेच राहते.

येथे एक शंका येईल. हा संवेदक तर त्वरण मोजतो. मग भाईंदरहून लोकल सुटते, वेग घेते, तेव्हा डब्यातील सगळ्यांचे पडदे का वळत नाहीत? आपण हिशेब करू. समजा, गाडीने ३० सेकंदांत ताशी ५४ किलोमीटरचा वेग घेतला. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. म्हणून त्वरण झाले १५ भागिले ३०, म्हणजे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. दाराकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रवाशाच्या मोबाईलला हे त्वरण पडद्याच्या रुंदीच्या दिशेने जाणवेल. म्हणजे एका दिशेला ९.८ आणि काटकोनातील दिशेला ०.५. या दोहोंमुळे संवेदकाला मोबाईल कललासा वाटेल, पण किती? ०.५ भागिले ९.८ म्हणजे सुमारे ०.०५, आणि एवढी स्पर्शज्या असलेला कोन केवळ ३ अंशांचा असतो. मोबाईलला ४५ अंश कलल्याचा भास व्हायचा, तर गाडीला अवघ्या दीड सेकंदात तोच वेग घ्यावा लागेल. तसे झाले तर पडदे वळतील खरे, पण ते पाहायला डब्यात उभे कोणीच राहणार नाही!

निर्णय कोणाचा?

संवेदक केवळ आकडे देतो. पडदा वळवायचा की नाही, हे मोबाईलची कार्यप्रणाली ठरविते. अँड्रॉइड किंवा आयओएस ही नावे तुम्हांला माहीत आहेत. तीच ही कार्यप्रणाली.

बरोबर ४५ अंशांवर वळायचे, असा साधा नियम तिने केला असता तर काय झाले असते? आपला हात कधीही पूर्ण स्थिर नसतो. ४४, ४६, ४४, ४६ असे कोन होत राहिले असते आणि पडदा सारखा उलटसुलट फिरत बसला असता. इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी आठवा. पाणी बरेच खाली गेले की पंप सुरू होतो आणि टाकी पूर्ण भरली की बंद होतो. सुरू होण्याची आणि बंद होण्याची पातळी एकच ठेवली, तर पंप क्षणाक्षणाला चालू-बंद होऊन जळून जाईल. पडद्याच्या बाबतीतही हीच युक्ती वापरतात. उभ्याचा आडवा होण्याचा कोन आणि आडव्याचा पुन्हा उभा होण्याचा कोन यांत मुद्दाम अंतर ठेवलेले असते. शिवाय मोबाईल नव्या स्थितीत थोडा वेळ टिकतो की नाही, हेही पाहिले जाते.

तरीही एक उणीव राहतेच. संवेदकाला पृथ्वी कोणत्या बाजूला आहे ते कळते, पण वाचणाऱ्याचे डोळे कसे आहेत ते कळत नाही. कुशीवर झोपून वाचणाऱ्याचे डोळेही आडवे असतात. त्याला पान उभेच हवे असते आणि मोबाईल मात्र ते वळवून टाकतो. म्हणूनच पडद्याचे वळणे बंद करून ठेवण्याची सोय मोबाईलमध्ये दिलेली असते. तुम्ही ती सोय वापरली असेल, तर मोबाईल कसाही धरा, पानाला त्याचा पत्ता लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

पानाला काय मिळते?

कार्यप्रणालीने निर्णय घेतला की ती ब्राउझरला नवी जागा देते. ब्राउझर म्हणजे वेबपान उघडून दाखविणारा कार्यक्रम. समजा, ब्राउझरच्या हिशेबात पडदा ३६० पिक्सेल रुंद आणि ६४० पिक्सेल उंच होता. आता तो ६४० रुंद आणि ३६० उंच झाला. क्षेत्रफळ तेवढेच, पण आकार निराळा. वरची पत्त्याची पट्टी आणि इतर पट्ट्या वजा जाता पानाला याहून थोडी कमीच उंची मिळते.

२००७ साली आयफोन बाजारात आला, तेव्हा मोबाईल वळविल्याबरोबर वळणारे पान लोकांनी कौतुकाने पाहिले. त्या काळची बहुतेक पाने टेबलावरच्या संगणकासाठी लिहिलेली होती. म्हणून तो ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून मांडत असे आणि मग ते लहान करून दाखवीत असे. पुढे पाने मोबाईलसाठीच लिहिली जाऊ लागली आणि उभ्या व आडव्या अशा दोन्ही आकारांत नीट दिसण्याची जबाबदारी पान लिहिणाऱ्यावर आली.

पानाचे तीन भाग असतात. एचटीएमएलमध्ये मजकूर असतो, सीएसएसमध्ये मांडणी आणि सजावट असते, आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीत पानाने करावयाची कामे असतात. यांपैकी कोणी काय करावे, हे एका उदाहरणावरून पाहू.

मीरा-भाईंदरचे एक पान

समजा, मीरा रोडच्या एखाद्या शाळेतील नववीच्या मुलांनी आपल्या गावाचे वेबपान करायचे ठरविले. पानावर चार गोष्टी ठेवल्या : उपनगरी रेल्वेच्या स्थानकांची यादी, शहराचा नकाशा, शहराची माहिती सांगणारा मोठा लेख आणि शेवटी एका प्रश्नाचे उत्तर लिहिण्याची चौकट. नकाशावर बोटाने आपला शाळेचा रस्ता रेखाटता यावा, अशीही सोय केली.

हे गाव अशा पानासाठी अगदी योग्य आहे. रेल्वे येथून दक्षिणोत्तर जाते. बोरिवली, दहिसर, मीरा रोड, भाईंदर, मग वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडून नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार. ही आठ नावे एकाखाली एक लिहावीत, हेच स्वाभाविक. त्यांना उभा पडदा मानवतो. उलट शहर मात्र पूर्वपश्चिम पसरलेले आहे. पूर्वेला घोडबंदर आणि काशिमिरा, मध्ये रेल्वेच्या दोन्ही बाजूंची दाट वस्ती आणि मिठागरांचा पट्टा, पश्चिमेला डोंगरी, उत्तन आणि चौक ही समुद्रकाठची गावे. हा नकाशा उंचीपेक्षा रुंदीला जास्त. त्याला आडवा पडदा मानवतो. एकाच पानावर एकाला उभा पडदा हवा आणि दुसऱ्याला आडवा!

प्रथम यादी घेऊ. एका नावाला ४८ पिक्सेल उंची दिली आणि उभ्या पडद्यावर यादीला ५२० पिक्सेल उंची मिळाली, तर दहा नावे बसतात. म्हणजे आठही एकदम दिसतात. आडव्या पडद्यावर २७० पिक्सेलच मिळाले, तर पाचच नावे दिसतील. पण आता रुंदी वाढली आहे. यादीचे दोन स्तंभ केले तर दहा नावांची जागा होते. गंमत अशी की, यासाठी जावास्क्रिप्टची एकही ओळ लागत नाही. ‘एका स्तंभाला निदान एवढी रुंदी द्या आणि बसतील तेवढे स्तंभ करा’, एवढे सीएसएसला सांगून ठेवले की पुरते. जे काम मांडणीच्या नियमाने होते, ते आज्ञावलीवर सोपवू नये.

चुकीचा प्रश्न

नकाशावर रेघा काढायच्या आहेत. तेथे मात्र आज्ञावली हवी. आता नवखा मुलगा काय करील? तो ब्राउझरला विचारील, ‘मोबाईल उभा आहे की आडवा?’ उत्तर आडवा आले तर मोठा नकाशा, उभा आले तर लहान. हा प्रश्न साधा वाटतो, पण तो तीन ठिकाणी फसवितो.

पहिली फसगत कोनाची. जुन्या पद्धतीत ब्राउझर एक कोन सांगत असे : ० म्हणजे उभा, ९० आणि उणे ९० म्हणजे दोन बाजूंना आडवा, १८० म्हणजे उलटा. पण हा कोन यंत्राच्या मूळ स्थितीपासून मोजला जातो. काही टॅब्लेटांची मूळ स्थितीच आडवी असते. तेथे शून्य म्हणजे आडवा! ‘शून्य म्हणजे उभा’ असे धरून लिहिलेली आज्ञावली तेथे नेमकी उलटी वागते. नव्या पद्धतीत कोनाबरोबर ‘उभा’ किंवा ‘आडवा’ असे स्पष्ट नावही मिळते. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये ही पद्धत २०२३ साली आली.

दुसरी फसगत वेळेची. मोबाईल वळला की ब्राउझर आज्ञावलीला वर्दी देतो. तिचे नाव ‘ओरिएंटेशनचेंज’. पण काही ब्राउझर ही वर्दी आधी देत आणि रुंदी-उंचीचे आकडे मागाहून बदलीत. वर्दी मिळताच घाईने मोजमाप घेणाऱ्या आज्ञावलीला जुनीच रुंदी मिळे आणि आडव्या पडद्यावर उभ्या मापाचा नकाशा बसे. यावर उपाय म्हणून अनेकांनी ‘थोडा वेळ थांबा आणि मग मोजा’ असे लिहिले. पण किती थांबायचे? वेगवान मोबाईलवर तो वेळ वाया जातो, आणि मंद मोबाईलवर तो अपुरा पडतो.

तिसरी फसगत सर्वांत मजेदार आहे. सीएसएसच्या नियमाप्रमाणे पानाची उंची रुंदीइतकी किंवा तिच्याहून जास्त असेल, तर पान ‘उभे’ आणि नसेल तर ‘आडवे’. आता उत्तर लिहिण्याच्या चौकटीवर बोट ठेवा. पडद्यावर कळफलक येतो. पानाची उंची ५६० होती, कळफलकाने २६० घेतली, उरली ३००. रुंदी ३६०. म्हणजे उंची रुंदीपेक्षा कमी झाली! ज्या ब्राउझरांत कळफलकामुळे पानाची मापे आक्रसतात, तेथे मोबाईल जागचा हलला नसतानाही पान ‘आडवे’ ठरते. मुलगा उत्तराचे पहिले अक्षर लिहायला जातो आणि सगळी मांडणी बदलते. अँड्रॉइडवरील क्रोमने २०२२ साली आपली पद्धत बदलली. तेव्हापासून त्यात कळफलक आला तरी एरवी पानाची मूळ मापे तशीच राहतात. पण सगळ्यांकडे नवाच ब्राउझर असेल, असे कसे म्हणावे?

बरोबर प्रश्न

या तिन्ही फसगतींचे मूळ एकच आहे. मोबाईल कसा धरला आहे, हे जाणून नकाशाला काय करायचे? नकाशाला हवी आहे जागा. म्हणून आज्ञावलीने दिशा विचारू नये. ‘माझ्या चौकटीला किती रुंदी आणि किती उंची मिळाली आहे?’ असे विचारावे. मग मोबाईल वळो, पडद्यावर दोन कार्यक्रम शेजारी शेजारी उघडोत, घडीचा मोबाईल उलगडला जावो किंवा टेबलावरच्या संगणकावर कोणी खिडकी अरुंद करो, एकच उत्तर सर्व प्रसंगी उपयोगी पडते.

यासाठी ब्राउझरांत ‘रिसाइझ ऑब्झर्व्हर’ नावाची सोय आहे. २०२० पासून ती सर्व प्रमुख ब्राउझरांत मिळते. पानावरच्या एखाद्या चौकटीवर तिला पहाऱ्यावर बसवायचे. चौकटीचे माप खरोखर बदलल्यावरच ती नव्या मापासह वर्दी देते. त्यामुळे घाई झाली किंवा उशीर झाला, हा प्रश्नच उरत नाही. वर्दी आल्यावर आज्ञावलीने करायची कामे अशी :

१. नवे माप पूर्वीइतकेच असेल, तर काहीही करू नये.

२. लागोपाठ अनेक वर्द्या आल्या, तर प्रत्येक वर्दीला न धावता पडदा पुढच्या वेळी रंगविला जाईल तेव्हा एकदाच काम करावे. बहुतेक मोबाईलचे पडदे सेकंदाला निदान ६० वेळा रंगविले जातात. म्हणून ही वाट पाहणे डोळ्यांना जाणवत नाही.

३. नव्या जागेत नकाशा किती पटीने बसेल ते काढावे.

४. त्या पटीने नकाशा आणि त्यावरच्या रेघा पुन्हा काढाव्यात.

पुसलेली रेघ आणि अंडाकृती वर्तुळ

तिसऱ्या आणि चौथ्या कामात थोडे गणित आहे. आपला नकाशा मूळ १२०० एकक रुंद आणि ६०० एकक उंच आहे असे धरू. उभ्या पडद्यावर चौकट ३६० रुंद आणि ५२० उंच आहे. रुंदीचे गुणोत्तर ३६० भागिले १२००, म्हणजे ०.३. उंचीचे ५२० भागिले ६००, म्हणजे सुमारे ०.८७. रुंदीला एक पट आणि उंचीला दुसरी पट लावली, तर चौकट पूर्ण भरेल खरी, पण नकाशा उभा ताणला जाईल आणि त्यावरचे वर्तुळ रुंदीच्या जवळजवळ तिप्पट उंच होईल. म्हणून दोन्ही दिशांना एकच पट घ्यायची, आणि ती दोहोंतील लहान. येथे ती ०.३ आहे. नकाशा ३६० गुणिले १८० या मापाचा दिसेल.

मोबाईल आडवा केला. चौकट ६४० रुंद आणि २७० उंच झाली. आता गुणोत्तरे सुमारे ०.५३ आणि ०.४५. लहान ०.४५. नकाशा ५४० गुणिले २७० चा झाला. लांबी दीडपट वाढली, म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पट. मोबाईल आडवा करण्याने खरोखर किती लाभ झाला, हे असे मोजता येते.

आता रेघांकडे वळू. बोटाने रेखाटण्यासाठी पानावर ‘कॅनव्हास’ नावाची चौकट वापरतात. तिची एक खोड आहे. आज्ञावलीने तिची रुंदी किंवा उंची नव्याने ठरविली की तिच्यावरचे सगळे चित्र पुसले जाते. पाटीवर ओला बोळा फिरवावा तसे! मुलाने कष्टाने काढलेला शाळेचा रस्ता मोबाईल वळताच नाहीसा होतो, तो यामुळे.

उपाय असा की, चित्र केवळ पाटीवर ठेवायचे नाही. बोट ज्या ज्या बिंदूंवरून गेले, त्या बिंदूंची यादी आज्ञावलीने आपल्याजवळ ठेवायची. आणि ती पडद्याच्या पिक्सेलांत न ठेवता नकाशाच्या एककांत ठेवायची. समजा, नकाशा चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला टेकविला आहे आणि उभ्या पडद्यावर मुलाने डावीकडून ६० व वरून ९० पिक्सेलांवर बोट टेकविले. दोन्हींना ०.३ ने भागले की नकाशावरील जागा मिळते : २०० आणि ३००. मोबाईल आडवा झाल्यावर या आकड्यांना ०.४५ ने गुणा. ९० आणि १३५. तेथे बिंदू काढा. गावातील ज्या जागेवर मुलाने बोट ठेवले होते, नेमकी तीच जागा! निर्देशक भूमितीत तुम्ही शिकता ते हेच.

वाचकाची जागा

लेख वाचणाऱ्याचे काय? समजा, उभ्या पडद्यावर लेख एकूण १०,००० पिक्सेल लांब आहे आणि वाचक बरोबर मध्यावर, ५,००० पिक्सेलांवर आला आहे. पडदा आडवा झाला. ओळी १.७८ पट लांब झाल्या, म्हणून लेखाची लांबी त्याच पटीने घटून सुमारे ५,६०० झाली. आता आज्ञावलीने ‘५,००० पिक्सेल’ हाच आकडा लक्षात ठेवला असेल, तर वाचक मध्यावरून एकदम लेखाच्या शंभरांपैकी एकोणनव्वदाव्या भागापर्यंत पोचेल. साध्या मजकुरात ब्राउझर स्वतःच वाचकाची जागा सांभाळण्याचा प्रयत्न करतात. पण पान सरकविण्याचे काम आज्ञावलीने आपल्या हाती घेतले असेल, तर ही काळजीही तिनेच घ्यायला हवी. पडद्याच्या वरच्या कडेला कोणता परिच्छेद होता हे तिने लक्षात ठेवावे आणि वळल्यावर तोच परिच्छेद पुन्हा वर आणावा. पुस्तकात खूण ठेवताना आपण वरच्या पुठ्ठ्यापासूनचे अंतर मोजत नाही, पान पाहून खूण घालतो. तसेच हे.

उत्तराच्या चौकटीबाबत नियम आणखी सोपा आहे. तिला हातच लावू नये. मोबाईल वळताच सगळे पान पाडून पुन्हा बांधण्याची सवय काही आज्ञावल्यांना असते. त्यात लिहिलेली अक्षरे जातात, चालू असलेला ध्वनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. जागा बदलली तर केवळ मांडणी बदलावी. वाचणाऱ्याने जे केले आहे ते त्याचे आहे, त्याला धक्का लावू नये.

‘कृपया मोबाईल आडवा करा’

या सगळ्या खटाटोपातून सुटण्याची एक पळवाट आहे. ‘हे पान पाहण्यासाठी कृपया मोबाईल आडवा करा’ अशी पाटी लावायची आणि तोपर्यंत काहीच दाखवायचे नाही. ही पळवाट का वाईट, ते पाहा. ज्याने पडद्याचे वळणे बंद केले आहे, त्याच्या मोबाईलवर ही पाटी हटणारच नाही. लोकलच्या गर्दीत एका हाताने दांडी धरलेल्या माणसाला दुसरा हात मोकळा नसतो. आणि ज्याला हात हलविता येत नाहीत, ज्याचा मोबाईल चाकांच्या खुर्चीला एकाच स्थितीत पक्का बसविलेला आहे, त्याला तर ते पान कायमचे बंद झाले.

म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २०१८ साली जाहीर केलेल्या सुगम्यतेच्या तत्त्वांच्या २.१ आवृत्तीत एक स्वतंत्र कलमच घातले आहे. पान उभ्या किंवा आडव्या अशा एकाच स्थितीत अडकवून ठेवू नये, असे हे १.३.४ क्रमांकाचे कलम सांगते. ज्यांचे काम एकाच स्थितीत होऊ शकते, अशांना मात्र त्यातून सूट आहे. पियानोच्या पट्ट्या दाखविणारे पान किंवा बँकेचा धनादेश ही त्याची उदाहरणे. आपल्या नकाशाला अशी सूट मागता येणार नाही. उभ्या पडद्यावर तो लहान दिसेल, पण दिसेल. बोटांनी मोठा करून पाहण्याची सोय ठेवली की झाले.

आणखी एक मोह टाळावा. संवेदकाचे कच्चे आकडे पानाला मागता येतात. पण पानाला जागा कळली की काम भागते. हाताची प्रत्येक हालचाल कळण्याचे कारण नाही. मोबाईलच्या बारीक हालचालींवरून बोटे पडद्यावर कोठे टेकली याचाही अंदाज बांधता येतो, असे संशोधकांनी दाखविले आहे. म्हणूनच २०१९ च्या आयओएस १३ पासून आयफोनवरील सफारी हे आकडे वापरणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय पानाला देत नाही.

करून पाहा

१. खोडरबराला दोरा बांधून ओळंबा तयार करा. मोबाईल भिंतीलगत उभा धरून हळूहळू कलवा. पडदा वळतो तेव्हा ओळंब्याशी होणारा कोन कोनमापकाने मोजा. आता उलट दिशेने परत या आणि पडदा पुन्हा उभा होतो तो कोन मोजा. दोन्ही कोन सारखे आले का? तीन वेगवेगळ्या मोबाईलांवर हाच प्रयोग करून तक्ता करा.

२. तुम्ही नेहमी पाहता अशा पाच पानांवर मोबाईल वळवून पाहा. लिहिण्याच्या चौकटीत ‘भाईंदर’ असे लिहून मग वळवा. शब्द राहिला का? वाचत असलेला परिच्छेद डोळ्यांसमोर राहिला का? वर्तुळे गोलच राहिली का?

३. शाळेच्या संगणकावर एखादे पान उघडून ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करा. संगणक तर जागचा हलला नाही, तरी मांडणी कोणत्या रुंदीला बदलते ते टिपून ठेवा.

शिक्षकांना पहिला प्रयोग गतीचे नियम शिकविताना आणि नकाशाचे उदाहरण गुणोत्तर व प्रमाण शिकविताना घेता येईल.

शेवटी एक प्रश्न. एखाद्या खिडकीची रुंदी आणि उंची दोन्ही बरोबर ४०० पिक्सेल आहेत. सीएसएसच्या नियमाप्रमाणे हे पान उभे की आडवे? आणि आपला १२०० गुणिले ६०० एककांचा नकाशा त्या खिडकीत किती पटीने बसेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर या लेखातच दिलेले आहे. दुसऱ्याचे वहीत करून पाहा, आणि मग तुमच्याच लक्षात येईल की, दुसऱ्याचे उत्तर काढताना पहिल्याची गरज कोठेच पडली नाही.